खरा ॲथलीट थांबताना ओळखावा

एखाद्या खेळाडूला बघून ‘काय ॲथलेटिक आहे!’ असं आपण पटकन म्हणून जातो. म्हणजे नेमकं काय, असं विचारलं की मात्र उत्तरं फाटे फोडत जातात. कुणी पिळदार दंडाकडे बोट दाखवतं, कुणी उडीची उंची सांगतं, कुणाच्या मते जो सगळ्यांत जोरात पळतो तोच खरा. लांब पल्ल्याचे धावपटू म्हणतात, आधी दम, बाकीचं नंतर. प्रत्येकाच्या म्हणण्यात तथ्य आहे. पंचाईत अशी की यातली कुठलीही कसोटी घ्या, तिच्यात नापास होणारा जगज्जेता शोधायला फार लांब जावं लागत नाही.

बास्केटबॉलमधला निकोला योकिच घ्या. २०१४च्या एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमधले संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तिथे, या सर्बियन खेळाडूचा नंबर ४१वा लागला. अंगाने थोराड, उडी बेताची, पळणं संथ. त्याने पुढे २०२१, २०२२ आणि २०२४ असा तीनदा लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब पटकावला. तरीही ‘खेळतो भारी, पण ॲथलेटिक नाही’ हे त्याच्याबद्दल सर्रास बोललं जातं. मला हे पटत नाही. गर्दीत दोन माणसं अंगावर असताना तो ज्या सहजतेने वळतो, थबकतो, तोल राखून एका हाताने पास सोडतो, ते शरीराचंच काम आहे. आपल्या टेपमध्ये ते मोजलं जात नाही, एवढंच.

क्रीडाजगताकडे या प्रश्नाचं एक जुनं, जवळपास अधिकृत उत्तर आहे: डेकॅथलॉन. दोन दिवस, दहा प्रकार. पहिल्या दिवशी १०० मीटर, लांब उडी, गोळाफेक, उंच उडी, ४०० मीटर. दुसऱ्या दिवशी ११० मीटर अडथळा शर्यत, थाळीफेक, पोल व्हॉल्ट, भालाफेक आणि सगळं अंग पिळून निघाल्यावर १५०० मीटर. अमेरिकेच्या जिम थॉर्पने १९१२च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये डेकॅथलॉन आणि पाच प्रकारांचं पेंटॅथलॉन दोन्ही जिंकलं. तेव्हापासून डेकॅथलॉनच्या विजेत्याला ‘जगातला सर्वश्रेष्ठ ॲथलीट’ म्हणायचा प्रघात पडला. (पूर्वी पैसे घेऊन बेसबॉल खेळल्याच्या कारणावरून पुढच्याच वर्षी त्याची पदकं काढून घेतली गेली. दोन्ही स्पर्धांचा एकमेव विजेता म्हणून त्याचं नाव पुन्हा लागायला २०२२ उजाडलं.) महिलांच्या सात प्रकारांच्या हेप्टॅथलॉनमध्ये जॅकी जॉयनर-कर्सीने १९८८ साली सोलमध्ये ७,२९१ गुण मिळवले, आणि इतक्या वर्षांत त्या आकड्याला कुणी हात लावू शकलेलं नाही.

वेग, ताकद, उडी, फेक, दम असं सगळं एकाच माणसात तपासायचं, ही कल्पना उत्तमच आहे. तिच्यात एक गोष्ट मात्र सुटते. भाला फेकताना समोरून कुणी अंगावर धावून येत नाही. अडथळे आपली जागा बदलत नाहीत. उंच उडीची काठी ऐनवेळी डावीकडे सरकत नाही. दहाच्या दहा प्रकारांत पुढचं पाऊल कुठे पडणार हे खेळाडूला आधीच ठाऊक असतं. मैदानावर, कोर्टवर किंवा रिंगमध्ये ही चैन नसते. म्हणून माझी व्याख्या जरा वेगळी आहे: शरीर या क्षणी जे करतंय ते मोडून, परिस्थितीला हवं ते दुसरं काही, किती लवकर आणि किती कमी खटाटोपात करता येतं, त्यावर माणूस किती ॲथलेटिक हे ठरतं.

आता हे शरीरात घडतं कसं ते बघू.

आधी ताकद. नुसती ताकद का पुरत नाही, हे वेळेच्या हिशेबातून कळतं. स्नायूला आपलं कमाल बळ उभं करायला साधारण तीन दशांश सेकंद किंवा त्याहूनही जास्त वेळ लागतो. पूर्ण वेगात पळणाऱ्या धावपटूचा पाय जमिनीला टेकतो जेमतेम एक दशांश सेकंद. म्हणजे स्नायूचं बळ शिगेला पोचायच्या आत पाय जमीन सोडून गेलेला असतो. तेव्हा ‘तुझ्यात एकूण किती ताकद आहे’ यापेक्षा ‘पहिल्या क्षणात तू त्यातली किती बाहेर काढू शकतोस’ हा प्रश्न महत्त्वाचा. दोनशे किलो वजन खांद्यावर घेऊन सावकाश उठणारा माणूस बलवान आहेच, पण त्यावरून तो चपळ आहे असं म्हणता येत नाही. ऑलिंपिक वेटलिफ्टिंग करणाऱ्यांची गोष्ट निराळी. त्यांना बारबेल झटक्यात वर न्यावा लागतो, सावकाश नेला तर तो जातच नाही. त्यामुळे हे लोक जागच्या जागी उंच उडी मारण्यात भल्याभल्यांना मागे टाकतात.

वेगाबद्दलचा एक गैरसमजही इथेच निघतो. जोरात पळणारे पाय भराभर हलवतात, असं आपल्याला वाटतं. संशोधक पीटर वेयँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वेगळंच दिसलं. कमाल वेगात पळताना पाय मागून पुढे आणायला लागणारा वेळ वेगवान आणि संथ धावपटूंमध्ये जवळपास सारखाच निघाला. खरा फरक जमिनीवर दिलेल्या बळात होता. वेगवान माणूस त्या इवल्याशा वेळात जमिनीला जास्त जोरात ढकलतो. उसेन बोल्टने २००९ साली बर्लिनमध्ये ९.५८ सेकंदांत १०० मीटर पार केले, त्यामागे हेच गणित होतं. या कामात टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारे चिवट दोरही हातभार लावतात. टाचेमागचा अकिलीस टेंडन पाय टेकताना ताणला जातो आणि सुटताना ती ऊर्जा परत देतो. पळताना पावलागणिक शरीर जी ऊर्जा शोषून परत देतं, तिच्यातला साधारण एक तृतीयांश वाटा हा एकटा टेंडन सांभाळतो असा अंदाज आहे. ज्याचं पळणं ‘हलकं’ दिसतं, त्याच्या या स्प्रिंगा चोख काम करत असतात.

इथवरचं बहुतेकांना पटतं. थांबण्याकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष जात नाही, आणि माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे.

सत्तर किलोचा माणूस ताशी २५ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला सातेक मीटर वेगाने पळतोय. त्याच्या शरीरात सतराशे जूलच्या आसपास गतिज ऊर्जा आहे. वेग दुप्पट झाला की ही ऊर्जा चौपट होते. दोन-तीन पावलांत थांबायचं तर ही सगळी ऊर्जा मांड्या, पोटऱ्या आणि नितंबांच्या स्नायूंनी गिळायची असते. आखडताना नव्हे, ताण सोसत लांब होत जाताना. या अवस्थेत स्नायू एरवीपेक्षा जास्त बळ पेलू शकतो, पण त्याची किंमतही मोजतो: लांब उतार उतरल्यावर दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात त्या यामुळेच. आणि सवय नसलेल्या माणसाच्या शरीरात स्नायूंनी हे काम वेळेत उचललं नाही, तर भार गुडघ्यावर जातो. गुडघ्यातला एसीएल हा बंध फाटल्याच्या घटना बघा. त्यातल्या कितीतरी घटनांत प्रतिस्पर्ध्याचा धक्काच लागलेला नसतो. खेळाडू एकटाच उडीवरून उतरत असतो, वेग तोडत असतो किंवा झटकन वळत असतो.

थांबणं म्हणजे वेगाचा शेवट, हाही अर्धवट समज आहे. भालाफेकीतली शेवटची दोन पावलं संथ गतीत बघितली की हे लख्ख दिसतं. उजव्या हाताने फेकणारा धावत येतो, अंग बाजूला वळवतो, भाला मागे खेचलेला असतो. मग डावा पाय पुढे पडतो तो जवळजवळ सरळ, गुडघा न दुमडता, खुंटी ठोकल्यासारखा. खालचं शरीर तिथेच अडतं. बसने करकचून ब्रेक मारला की उभे प्रवासी पुढे फेकले जातात, तसं कंबरेच्या वरचं शरीर पुढे झेपावतं. हा वेग कंबरेतून छातीत, छातीतून खांद्यात, कोपरात आणि शेवटी हातातून भाल्यात जातो, प्रत्येक सांध्यापाशी वाढत वाढत. पुढचा गुडघा जरा मऊ पडला की वेग पायातच जिरतो आणि भाला काही मीटर अलीकडे पडतो. नीरज चोप्रा फेक झाल्यावर दोन्ही हातांवर पुढे कोसळताना आपण पाहतो. तो उरलासुरला वेग असतो, रेषेच्या आत कसाबसा जिरवलेला. मे २०२५मध्ये दोहा इथे त्याचा भाला ९०.२३ मीटरवर पडला. १९९६पासून विश्वविक्रम आहे ९८.४८ मीटरचा. तो करणारा यान झेलेझ्नी बाकीच्या फेकपटूंच्या मानाने आडदांड मुळीच नव्हता.

वेगवान गोलंदाजाचा पुढचा पाय, उंच उडीतलं शेवटचं पाऊल, बॉक्सरच्या ठोशाआधी जमिनीत रुतलेला पंजा, सगळीकडे हीच युक्ती दिसते. आधी नीट थांबायचं, मग थांबवलेला वेग पाहिजे तिकडे वळवायचा.

फुटबॉलमध्ये लिओनेल मेसीकडे बघताना मी हेच बघतो. उंची १७० सेंटिमीटरच्या आसपास, डोळ्यात भरावी अशी शरीरयष्टी नाही, सामन्यातला बराच वेळ तर तो चक्क चालत असतो. सरळ रेषेत त्याला गाठणारे बचावपटू ढिगाने मिळतील. पण तो एका छोट्या पावलात थबकतो तेव्हा मागून येणाऱ्याला थांबायला आणखी दोन पावलं लागतात. त्या दोन पावलांत सामन्याचं चित्र पालटतं.

अर्थात कधी थांबायचं हे शरीराला कुणीतरी सांगावं लागतं. शंकूंच्या मधून ठरलेल्या वाटेने नागमोडी पळण्यात जो पटाईत असतो, तो प्रतिस्पर्ध्याच्या हालचालीवर प्रतिसाद देत वळण्यात पटाईत असेलच असं नाही. या दोन वेगळ्या क्षमता आहेत, हे चाचण्यांत वारंवार दिसून आलंय. दुसरीत डोळे आणि मेंदू आधी पळतात. बॅडमिंटनच्या रॅलीत शटलवरची नजर काढून फक्त पायांकडे बघा. प्रतिस्पर्ध्याची रॅकेट शटलला भिडायच्या बेताला खेळाडू जागच्या जागी इंच-दोन इंचांची उडी मारतो. हवेत असताना त्याला शटलची दिशा उमगते, आणि उतरताना जिकडे जायचंय त्याच्या उलट बाजूचा पाय किंचित आधी टेकतो. पाय टेकला तो ढकलण्यासाठीच. ही उडी क्षणभर लवकर झाली तरी फसते, उशिरा झाली तरी फसते. शिवाय दिशेचा अंदाज शटल निघाल्यावर बांधलेला नसतो. संशोधक ब्रूस ॲबरनेथी यांनी १९८०च्या दशकात खेळाडूंना अर्ध्यावर तोडलेल्या चित्रफिती दाखवून तपासलं. मुरलेले खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या दंडाच्या आणि रॅकेटच्या हालचालीवरूनच फटका ओळखत होते. नवशिक्यांना रॅकेट दिसत होती, दंड बोलतोय ते कळत नव्हतं. या लोकांना आपण ‘चपळ’ म्हणतो ते यातून येतं. साध्या प्रतिक्रियेचा वेग, म्हणजे दिवा लागताच बटण दाबणं, तुमच्या-माझ्यात आणि त्यांच्यात फार वेगळा नसतो.

बाहेरचं बघणं हे एक झालं, आतलंही बघावं लागतं. आपला हात, पाय, डोकं या क्षणी कुठे आहे याची बातमी स्नायू, सांधे आणि कानाच्या आतल्या तोलाच्या नलिका मेंदूला सतत पाठवत असतात. एरवी आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. ही बातमी तुटली तर काय होतं, ते २०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये जिमनॅस्टिक्सच्या सांघिक अंतिम फेरीत जगाने पाहिलं. सिमोन बाइल्स व्हॉल्टवरून हवेत उडाली. अंगाभोवती अडीच गिरक्या घ्यायच्या होत्या, दीडच झाल्या, आणि ती कशीबशी पायांवर उतरली. हवेत आपण कुठे आहोत हेच तिला कळेनासं झालं होतं. जिमनॅस्ट या अवस्थेला ‘ट्विस्टीज’ म्हणतात. दंडातली ताकद तीच, उडीची उंची तीच, पण त्या स्थितीत गिरकी मारणं म्हणजे मानेवर पडण्याला आमंत्रण. तिने बहुतेक स्पर्धांतून माघार घेतली. काहींनी त्यावर नाकं मुरडली, ती कशाच्या जोरावर देव जाणे. शेवटी बॅलन्स बीमवर, उतरताना गिरकी नसलेला क्रम निवडून, तिने कांस्यपदक मिळवलं. आणि २०२४मध्ये पॅरिसहून तीन सुवर्णं आणि एक रौप्य घेऊन परतली.

मग असा माणूस कुठल्याही खेळात चमकेल का? मायकल जॉर्डनचं उदाहरण इथे फार शिकवणारं आहे. बास्केटबॉलचा निर्विवाद बादशहा, उडी अशी की तो हवेत रेंगाळतोय असं वाटावं. १९९४ साली तो बेसबॉल खेळायला गेला, बर्मिंगहॅम बॅरन्स या दुय्यम लीगमधल्या संघाकडून. फलंदाजीची सरासरी .२०२, म्हणजे पाचांत साधारण एकदा यश. ११४ वेळा स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद. लोक इथेच थांबतात आणि म्हणतात, बघा, ॲथलेटिकपणा वगैरे काही नसतं, ज्याचा त्याचा खेळ. पण त्याच मोसमात त्याने ३० बेस चोरले, हा आकडा कुणी सांगत नाही. बेस चोरणं म्हणजे पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, हालचालीचा सुगावा घेऊन पुढच्या टप्प्याकडे निसटणं, झेपावणं, घसरत थांबणं. शरीराचं जे होतं ते नव्या खेळात सोबत आलं. चेंडू हाताबाहेर पडताच त्याची फिरकी वाचण्याची नजर आली नाही, कारण ती लहानपणापासून हजारो चेंडू खेळूनच घडते. ॲश बार्टीचं नेमकं उलट झालं. ती टेनिस सोडून २०१५-१६च्या मोसमात ब्रिस्बेन हीटकडून बिग बॅश क्रिकेट खेळली आणि बऱ्यापैकी रुळलीही. येणाऱ्या चेंडूचा अंदाज घेऊन तो बॅटच्या मधोमध घेण्याची नजर तिच्याकडे टेनिसमुळे आधीच होती. नंतर ती टेनिसकडे परतली आणि २०२१मध्ये विम्बल्डन जिंकली.

दमाचं काय? मॅरेथॉनवाले रागावतील म्हणून सांगतो असं नाही, पण त्यांना संथ समजणं हे निव्वळ अज्ञान. केल्विन किप्टमने २०२३ साली शिकागोत २ तास ३५ सेकंदांत मॅरेथॉन संपवली. म्हणजे दर १०० मीटरला सव्वासतरा सेकंदांच्या आत, असं सलग ४२२ वेळा. आपल्यापैकी बहुतेकांना हा वेग एक फेरीभरही झेपायचा नाही. तरी माझ्या व्याख्येत दम हा आधार देणारा गुण आहे. दहाव्या मिनिटाला जे थांबणं-वळणं जमत होतं ते पंच्याऐंशीव्या मिनिटाला जमतंय का, हे दम ठरवतो.

जन्मजात किती आणि कमावलेलं किती, यावर थोडक्यातच बोलतो, कारण त्यावर वाद घालणाऱ्यांची हौस फिटत नाही. वेगवान स्नायूतंतूंमधल्या एका प्रथिनाशी संबंधित एसीटीएन३ या जनुकाचा एक प्रकार आहे. दोन्ही पालकांकडून तो आला तर ते प्रथिन तयारच होत नाही. जगातल्या साधारण १८ टक्के लोकांमध्ये असं असतं, पण अव्वल स्प्रिंटरांमध्ये ते क्वचितच आढळतं. सराव अंगी लागण्याचं प्रमाणही सारखं नसतं. संशोधक क्लॉड बुशार यांच्या ‘हेरिटेज’ नावाच्या अभ्यासात व्यायामाची सवय नसलेल्या लोकांकडून २० आठवडे एकसारखा व्यायाम करून घेतला. काहींची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता भरघोस वाढली, काहींची जवळपास होती तिथेच राहिली. तेव्हा जनुकं आहेत, पण एखादं जनुक बघून ‘हा चमकेल’ असं भाकीत करता येत नाही.

या ‘जन्मजात’ शब्दाआड एक जुनी खोड मात्र लपलेली असते. कृष्णवर्णीय खेळाडू चांगला खेळला की समालोचक त्याच्या ‘नैसर्गिक’ शरीराचं कौतुक करतात, गोरा खेळला की त्याच्या डोक्याचं आणि मेहनतीचं. सामन्यांच्या समालोचनाचा अभ्यास करणाऱ्यांनी हे पुन्हा पुन्हा नोंदवलंय. शरीराचं काम आणि डोक्याचं काम अशी विभागणी करणं किती पोकळ आहे, हे त्या बॅडमिंटनच्या इवल्याशा उडीवरूनच कळावं.

आणि कमावायचं तर सुरुवात कुठून? चांगले प्रशिक्षक उडी मारायला शिकवण्याआधी उतरायला शिकवतात. फूटभर उंचीच्या ठोकळ्यावरून खाली पाऊल टाकायचं आणि उतरल्या जागी पुतळ्यासारखं थिजायचं. गुडघे आत वळता कामा नयेत, ते पंजांच्या रेषेत हवेत. आणि ते आवाज ऐकतात. धप्प आवाज आला की भार स्नायूंनी झेलला नाही, हाडांवर आणि सांध्यांवर गेला. पाय गुपचूप टेकायला लागले की मग एका पायावर, मग बाजूला, मग पळत येऊन, आणि सगळ्यांत शेवटी कुणीतरी ऐनवेळी हाक मारेल त्या दिशेला. कंटाळवाणं काम आहे. मुलांना यापेक्षा उड्या मारणं आवडतं, आणि खरं तर पळापळीचे, झोंबाझोंबीचे, चेंडूचे नाना खेळ खेळणारी मुलं यातलं बरंच काही न शिकवताच उचलतात.

खेळाडू नसलेल्यांचाही याच्याशी संबंध येतो, तो वय झाल्यावर. उतारवयात वेगवान स्नायूतंतू आधी आणि जास्त झिजतात, त्यामुळे ताकदीपेक्षा झटक्यात बळ लावायची क्षमता लवकर ओसरते. ठेच लागल्यावर पडायचं की सावरायचं, हे पुढचं पाऊल किती लवकर पडतं आणि त्यावर अंगाचा भार झेलता येतो की नाही, यावर ठरतं. म्हणून ज्येष्ठांच्या व्यायामात आता खुर्चीवरून नुसतं उठबस करणं सांगत नाहीत. तब्येतीला झेपेल तसं, बसताना तीन-चार सेकंद घेऊन सावकाश आणि उठताना झटकन, असं करायला सांगतात.